ग्रामसभेनं स्वतःच्याच गावाचा अभ्यास करायचा ठरवला, तर पैसा कोण देईल?

टेंभुर्णी (धानोरा, जि. गडचिरोली)

प्रश्न जरा लांब आहे. निवांत असाल तेव्हाच वाचा.

आमचं गाव ३८ घरांचं. दोन घरं सोडली तर सगळे गोंड. मी इथली सून, बी.एस्सी. झालेली, आणि तीन वर्षांपासून ग्रामसभेची सचिव. सचिव म्हणजे काय, तर ठराव लिहायचे, तेंदूचा हिशेब ठेवायचा आणि जो कुणी गाडी घेऊन गावात येईल त्याच्यासोबत घरोघरी फिरायचं.

यंदा पावसाळ्याआधी असेच तिघं जण आले. टॅबलेटवर प्रश्न. घरात पंखा आहे का, मागच्या २४ तासांत बाळानं काय खाल्लं, हात कधी कधी धुता. एकेका घराला पाऊण तास. आमच्या आजेसासूच्या पुढ्यात बसले तेव्हा तिनंच त्यांना विचारलं, "मागं रगत नेलन् तुमी. त्याचा का झाला?" तिघं एकमेकांकडे बघायला लागले. रक्त नेलं होतं सात-आठ वर्षांपूर्वी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी, आणि नेणारे दुसरेच कुणी होते. पण आजीला त्याच्याशी काय देणंघेणं? गाडी पांढरी, माणसं शहरातली, हातात कागद. तिच्या लेखी सगळी एकच मंडळी.

तेव्हा गावातल्या साठेक जणांचं रक्त गेलं होतं. एकाचाही निकाल परत आला नाही. त्यानंतर गावात पाच लग्नं झाली. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता पोर आजारी निघण्याची, हे मी कॉलेजात शिकले होते. त्या पाच लग्नांत मी अक्षता टाकल्या आणि जेवून आले.

आता मूळ गोष्ट. मागच्या मे महिन्यात माझा मुलगा सात महिन्यांचा होता. तेंदूच्या दिवसांत आम्ही पहाटे साडेतीनला बॅटरी घेऊन निघतो. दहा-अकराला पानांचं ओझं घेऊन घरी. मग सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधत बसायचं आणि ऊन उतरलं की फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायची. बाळ आजीजवळ. तिनं त्याला पेज पाजायची, तीही आंबायच्या आत. मी परत येईपर्यंत छाती दगड झालेली असायची आणि पोरगं रडून रडून झोपलेलं. एप्रिलात अंगणवाडीत त्याचं वजन भरलं ७ किलो १००. जूनमध्ये काटा ६ किलो ९०० वर थांबला. ताईंनी वहीत लिहिलं ७.२. मी विचारलं तर म्हणाल्या, "उतरलेलं लिहिलं तर वरून फोन येतो गं. मग तुलाच पोर घेऊन तालुक्याला पळावं लागेल." बाई वाईट नाही. माझी सोयच बघत होती.

मी बाकीच्या बायांना विचारत सुटले. गावात दोन वर्षांखालची पोरं १४. त्यातल्या नऊ जणींनी सांगितलं, मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत पोर "सुकतं". शब्द त्यांचाच. पावसाळ्यात परत भरतं म्हणतात. सगळंच्या सगळं भरतं का, हे कुणी मोजलेलं नाही.

बायांनी ग्रामसभेत विषय काढला की हंगामभर गोटुलात (गावाच्या सामाईक घरात) पाळणाघर चालवू, दोघींना रोजी देऊ. पुरुषांचं म्हणणं, आमच्या आयांनीही असंच केलं, आम्ही मेलो का? कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "जे मेले ते इथं सांगायला बसले नाहीत." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी ठरलं ते असं. पहिलं वर्ष नुसतं नीट मोजायचं, फेब्रुवारी ते ऑगस्ट. दर महिन्याला वजन, आई किती तास बाहेर होती, मधल्या वेळात काय पाजलं, जवळ कोण होतं. दुसऱ्या वर्षी पाळणाघर चालवायचं आणि पुन्हा तीच मोजणी. तेंदूच्या रॉयल्टीतून ४० हजार बाजूला काढायला ग्रामसभा तयार आहे. मी खर्च मांडला तर दोन वर्षांचा आकडा दीड लाखाच्या आसपास जातो.

उरलेले कोण देईल? आम्ही संस्था नाही, ग्रामसभा आहोत. ओळखीचे एक सर म्हणाले, "आमच्या कॉलेजच्या नावानं प्रस्ताव टाकू, तुला फील्ड असिस्टंट घेऊ." मला ते नको वाटतं. वही आमच्याकडे राहिली पाहिजे. ही अट घालून कुणाकडून पैसे मिळतात का?

---

उलटतपासणी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा अभ्यास करायचाच कशाला? आई आठ तास जंगलात असेल तर तान्ह्या पोराचं वजन घटणारच, याला दीड लाख खर्चून मोजायची गरज नाही. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगनं २००६ पासून फुलवाऱ्या चालवल्या, सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांसाठी, गावातल्याच बाया सांभाळायला. पुढे तिथल्या सरकारनंही २०१२ च्या सुमाराला सरगुज्यात तेच उचललं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर लिहूनच ठेवलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील तर एका बाईला ती सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. तेंदूला तो कायदा लागू नाही, एवढाच फरक.

सगळं माहीत असताना पुन्हा अभ्यास म्हणजे आणखी एक वर्ष चौदा पोरांना सुकू देणं. दीड लाख थेट पाळण्यात घाला.

---

टेंभुर्णी

राग कशाला. हेच मी सभेत बोलले होते, आणि हरले.

तुम्हाला माहीत आहे, गनियारीला माहीत आहे. आमच्या फळीवर बसणाऱ्या माणसाला माहीत नाही, आणि रॉयल्टी कशावर खर्चायची ते त्याच्या सहमतीशिवाय ठरत नाही. आमच्याकडे हात वर करून बहुमत घेत नाहीत. एक जण जरी नको म्हणाला तरी विषय पुढच्या सभेत. शेजारच्या मेंढ्यात (लेखा) आधी अभ्यासगट बसतो, मग ग्रामसभा निर्णय घेते, हे आमच्याकडच्या जुन्या लोकांनी बघितलेलं आहे. त्यामुळे "आधी मोजू" म्हटलं की ते ऐकतात. "छत्तीसगडात झालंय" म्हटलं की नाही ऐकत.

पण एक वर्ष सुकू देण्याचं तुम्ही म्हणालात, ते मात्र टोचलं.

---

निवृत्त सिस्टर

पोरी, मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, होते, त्यातली बरीचशी तुमच्याच जिल्ह्यात. पैशाचं दुसरे सांगतील. मी काट्याचं सांगते.

अंगणवाडीतला टांगायचा जुना काटा २५ किलोचा असतो आणि त्याच्यावर १०० ग्रॅमचे भाग असतात. सात-आठ महिन्यांचं धडधाकट पोर महिन्याला वाढतं तीनशे ग्रॅमच्या आसपास. पोरानं झोळीत पाय झाडले की काटा दोनशे इकडेतिकडे. म्हणजे जे पकडायचं तेच हातातून निसटतं. तान्ह्या पोरांचा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, सपाट फरशीवर किंवा फळकुटावर ठेवा, शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नको. पोर उघडं करायचं. करगोटा, कडी, ताईत आई काढू देणार नाही, देऊ नये. मग दर वेळी तेवढंच अंगावर आहे ना ते बघायचं. दोन वेळा ठेवायचं, दोन्ही आकडे लिहायचे. आणि दर महिन्याला पोरांआधी मिठाची एक-एक किलोची पाच पाकिटं त्याच काट्यावर ठेवून बघायची. मीठ खोटं बोलत नाही, त्याला वरून फोनही येत नाही.

तुझ्या अंगणवाडीताईवर रागवू नकोस. मीही लिहिलेत असे आकडे. महिनाअखेरच्या बैठकीत ज्या सिस्टरकडे सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित पोरं, जास्त तिला उभं करायचे. आम्ही मोजमाप करत होतो ते वरच्यांसाठी, आईसाठी नव्हे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

गडचिरोलीत हे उलटं करून दाखवलेलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं १९८९ साली वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी छापली. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यासाठी तोवर कुणी तपासलेल्या जेमतेम ८ टक्के. आम्ही सरकारी सिस्टर, त्याच बायांच्या घरी कॉपर-टी आणि ऑपरेशनचं टार्गेट घेऊन जायचो. अंगावरून जातं का, हे विचारायचा आमच्या रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. मग १९९३ ते ९८ नवजात बाळांचं काम. ३९ गावं, गावातल्याच चार बुकं शिकलेल्या बाया, हातात घड्याळ, थर्मामीटर आणि काटा. हजारी ६२ अर्भकं महिन्याच्या आत जात होती, ती तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत ज्या फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथं आहे. तिथल्या बायांच्या वह्या कुणीतरी सतत तपासत होतं, पण आकडा वाईट आला म्हणून बाईला उभं करत नव्हतं. तू हे दोन्ही जमवलंस तर अर्धं काम झालं.

दोन गोष्टी आणखी. वजनाबरोबर दंडाची पट्टीही लावा, सहा महिन्यांवरच्या पोरांना. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की ते पोर अभ्यासातलं नाही, दवाखान्यातलं. त्याला कुणी नेणार, गाडीचं भाडं कुठून देणार, हे पहिल्या वजनाआधी ठरवून ठेवा आणि त्याचे पैसे वेगळे काढा. नुसतं मोजत बसायचं नाही. उलटतपासणीवाल्या भाऊंचं तेवढं म्हणणं मला पटतं.

दुसरं, वजनांचा तक्ता गोटुलाच्या भिंतीवर लावू नका. ३८ घरांत लाल टिंब कुणाच्या पोराचं हे शेंबडं पोरही सांगेल. मग ती आई पुढच्या महिन्यात वजनाला येत नाही.

---

खतावणी

ताई, मी वडशाकडचा, ग्रामसभांचे हिशेब लिहून देतो. माझं उत्तर रुक्ष आहे, पण कामाचं.

सगळ्यात आधी घरातला पैसा बघा. पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांच्या अधिकारांचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावानं ठरवून खर्चायचा पैसा, २०१५ पासून थेट येतो. तो चार बाबींवर खर्चता येतो: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, आणि वनीकरण, जलसंधारण, वन्यजीव, वनउपजीविका वगैरे. तुमचं काम तिसऱ्या बाबीत सरळ बसतं. प्रत्यक्षात यातला बराच पैसा सिमेंटमध्ये जातो, कारण सिमेंटचं अंदाजपत्रक तयार मिळतं आणि पोरांच्या वजनाचं कुणी करून देत नाही. तुम्ही करा. ठरावात "संशोधन" शब्द नका घालू. त्यात खोटं काही नाही, पण तो शब्द दिसला की टेबलावरचा माणूस मार्गदर्शन मागवतो आणि मार्गदर्शन यायला हंगाम जातो. "शून्य ते दोन वर्षे वयोगटातील बालकांची मासिक वाढ नोंदणी व हंगामी पाळणाघर" असं लिहा. जे करणार तेच लिहिलेलं आहे.

तेंदूचे ४० हजार रॉयल्टीतून काढा, मजुरीच्या रकमेला हात लावू नका. कॅशबुकात त्याचं पान वेगळं. ग्रामसभेचं पॅन असेलच, नसेल तर आधी ते.

आता बाहेरचा पैसा. सरकारी संशोधन-निधी, म्हणजे आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) वगैरे, मागायला अर्जदार एखाद्या संस्थेत नोकरीला असलेला लागतो, आणि स्वयंसेवी संस्था असेल तर तिला डीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान-संशोधन विभागाची संशोधन-संस्था म्हणून मान्यता लागते. ग्रामसभा त्या रकान्यात कुठंच बसत नाही. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिच्या अभ्यासांना केंद्राकडूनही पैसा येतो. पण तो वार्षिक आराखड्यातून येतो, म्हणजे यंदा मागितलं तर पुढच्याच्या पुढच्या तेंदूला. मागून ठेवायला हरकत नाही.

परदेशी पैसा विसरा. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. त्याआधी एखादी नोंदणीकृत संस्था परदेशी देणगी घेऊन त्यातला हिस्सा दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला पुढे देऊ शकायची. आता एक रुपया पुढे देता येत नाही. म्हणजे मोठी संस्था तुमच्या गावात काम करू शकते, तुम्हाला पगारावर ठेवू शकते, पण ग्रामसभेच्या खात्यावर पैसे टाकू शकत नाही. लोक विचारतात, बाहेरचे फंडवाले थेट आदिवासींना पैसे का देत नाहीत? त्यांची नियत काय आहे ते मला माहीत नाही. रस्ताच नाही, एवढं माहीत आहे. 'सर्च'च्या नवजात बाळांच्या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनचा पैसा होता. पण ती १९८६ पासूनची नोंदणीकृत संस्था, डॉक्टर दोघंही परदेशात शिकून आलेले. त्यांना जी दारं उघडी होती ती तुम्हाला नाहीत, हे लिहायला वाईट वाटतं पण आहे ते असं आहे.

परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर मात्र ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट बदललेला असेल तर धरतात. मराठी मंडळवाले उत्साही असतात, आधी हे विचारून घ्या.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा, शक्य आहे, कुपोषण आणि आरोग्य कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातच आहे. पण कंपनीला सीएसआर-१ नोंदणी असलेली संस्था लागते. मी एका ठिकाणी तिघांचा करार करून दिला होता: पैसा संस्थेच्या खात्यावर, काम ग्रामसभेचं, आणि वहीची मालकी ग्रामसभेची, प्रत हवी असेल तर ठरावानंतर. कंपनीनं एकच गोष्ट अडवून धरली, पाटीचा आकार. चार बाय सहा हवी होती.

मला विचाराल तर एक लाख दहा हजारांसाठी यातलं काहीच करू नका. अबंध निधीतून साठ-सत्तर काढा, बाकी शेजारच्या ग्रामसभांना सोबत घ्या. एवढ्याशा रकमेसाठी सीएसआरच्या मागे लागलात तर अहवाल लिहिण्यातच तुमचा मे महिना जाईल, आणि तुमचा मे महिना आधीच भरलेला दिसतोय.

---

बाहेरगावचा

मी हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्यांवर पीएच.डी. केली. वीटभट्टीवरचं स्थलांतर आणि मुलांचं पोषण. तीन वाड्या, दोन हंगाम. सुधागड तालुक्यातली एक बाई मला रोज कोरा चहा द्यायची आणि विचारायची, "लिवलास का समदा?" लिहिलं. प्रबंध इंग्रजीत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि माझ्या शेल्फवर. मला पदवी, मग नोकरी, आता विनिपेगमध्ये घर. वाडीवर मी परत गेलो नाही. तुमच्या आजेसासूंचा प्रश्न वाचला आणि लॅपटॉप मिटवला.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांचं असंच झालं होतं. १९९० च्या आसपास विद्यापीठानं मधुमेहाचा अभ्यास म्हणून रक्त नेलं. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनियाचे आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचेही अभ्यास झाले, त्यांना न विचारता. ते कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. ते परत घ्यायला त्यांची माणसं स्वतः विद्यापीठात गेली होती. मी राहतो त्या कॅनडात मूळनिवासींच्या संघटनांनी १९९८ पासून चार गोष्टी मांडल्या: आमच्या माहितीवर मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती बघायचा हक्क आमचा आणि ती ठेवायची जागाही आमची. इथं त्यांच्यावर अभ्यास करायचा तर हे चार शब्द घेऊनच बसावं लागतं. "वही आमच्याकडे राहिली पाहिजे" हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, ते तेच आहे. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांत समाजाची संमती आहे, पण ती मिळाली म्हणून प्रत्येक आईची वेगळी संमती टळत नाही, हेही आहे. तेव्हा ग्रामसभेचा ठराव झाला तरी प्रत्येक आईला वेगळं विचारा, आणि नाही म्हणायची मुभा खरोखर ठेवा.

आता थोडा मास्तरपणा. १४ पोरांवरून काही सिद्ध होणार नाही. एकाला जुलाब लागले, एकाला मलेरिया झाला की सरासरी कोलमडते. आणि बाया म्हणतात पावसाळ्यात भरतं. पण तुमच्याकडे पावसाळ्यातच ताप सुरू होतो, म्हणजे चित्र आणखी गढूळ. वजनाच्या रकान्याशेजारी "या महिन्यात ताप/जुलाब, किती दिवस" असा रकाना हवाच. आठ-दहा गावं एकत्र आली तर शंभराच्या घरात पोरं येतील. मग निम्म्या गावांत पाळणाघर याच हंगामात, उरलेल्यांत पुढच्या. कुणाचं आधी ते चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर. तुलनाही होते आणि "एक वर्ष सुकू देणं" निदान निम्म्या गावांचं वाचतं. पैसे सगळीकडे एकदम पुरणार नसतील तर चिठ्ठीइतकं न्याय्य दुसरं काही मला दिसत नाही.

झारखंड-ओडिशात 'एकजुट' या संस्थेनं २००५ ते ०८ या काळात असंच गावांचे ३६ गट करून काम केलं. निम्म्या गटांत बायांच्या दर महिन्याच्या बैठका, चित्रं आणि गोष्टी घेऊन, निम्म्यांत नाही. नवजात मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी निघाले. औषध नव्हतं, बैठक होती. तुमच्या नऊ बायांनी "सुकतं" हा शब्द काढला ती पहिली बैठक झालीच आहे.

काट्याचे पैसे मी देतो. पासपोर्ट अजून भारतीयच आहे, खतावणीसाहेब. नाव, आभार, अहवालाची प्रत, काही नको.

---

टेंभुर्णी

सगळ्यांना जोहार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, मध्ये धान कापणी होती.

आजूबाजूच्या आठ ग्रामसभांशी बोलले. पाच तयार झाल्या, आमची धरून सहा. दोन वर्षांखालची पोरं ६७. शंभर नाही, पण चौदाही नाही. चिठ्ठ्या मागच्या रविवारी टाकल्या. आमचं गाव दुसऱ्या हंगामात निघालं. आमच्या बाया चिडल्या, "काम तू उभं केलंस आन् पाळणा त्यांना?" दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पण चिठ्ठी त्यांच्यासमोर आठ वर्षांच्या पोरीनं उचलली होती, त्यामुळे मोडली नाही. दोघी-तिघींनी तोवर आळीपाळीनं एकमेकींची पोरं सांभाळायचं ठरवलंय. त्यानं अभ्यास बिघडेल का, बाहेरगावचे दादा? बिघडला तरी मी त्यांना थांबवणार नाही. रकाना वाढवला आहे.

अबंध निधीचा ठराव "मासिक वाढ नोंदणी व हंगामी पाळणाघर" या नावानं गेला. ग्रामसेवकांनी एकदाच विचारलं, यात बांधकाम किती? मी म्हटलं शून्य. त्यांनी चष्मा काढून परत वाचला.

दंडाची पट्टी साडेअकराच्या खाली गेली तर गाडीभाड्याचे पैसे वेगळ्या पाकिटात, सिस्टर. पाकीट अंगणवाडीताईंकडेच दिलंय. वजनालाही त्यांनाच बसवणार आहोत, आमच्या वहीवर. त्या आधी नको म्हणत होत्या. मग म्हणाल्या, या वहीला फोन येणार नसेल तर बसते.

दादा, काट्याचे पैसे पोचले. पण आजी म्हणाली फुकट घ्यायचं नाही. ग्रामसभेच्या पावती पुस्तकातली पावती तुमच्या नावानं फाडली आहे, पत्ता कळवा. आणि तिचा निरोप जसाच्या तसा: त्या चहावाल्या बाईकडे आधी जाऊन ये म्हणाव.

सिकलसेलच्या रक्ताबद्दल ग्रामसभेच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं आहे, नेणाऱ्यांना आणि तालुक्यालाही. साठ नावांची यादी जोडली, वहीतून आणि लोकांच्या आठवणीतून केलेली. त्यातली चार माणसं आता नाहीत. आजीनं त्यांचीही नावं घालायला लावली.

काटा काल आला. कुणाचंही पोर ठेवायच्या आधी मिठाची पाच पाकिटं ठेवून बघितली. ५ किलो ३० ग्रॅम दाखवतोय. सिस्टर, हे प्लास्टिकचं वजन म्हणायचं, की काटा परत पाठवू?